एकाच ठोंबावर दोन मोजण्या: गवताची गुणसूत्रं आणि आतली बुरशी

उंच फेस्क्यू या गवताचे दोन ठोंब शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फारसा फरक सापडत नाही. तरी एकाच्या पेशीत २८ गुणसूत्रं निघतात, म्हणजे सातांचे चार संच (चतुर्गुणित), दुसऱ्याच्या पेशीत ४२, म्हणजे सहा संच (षड्गुणित). एकाच्या फुटव्यात बुरशीचे तंतू बुडापासून वर चढलेले असतात, दुसरा कोरा. जंगली गवतांत या दोन्ही गोष्टी प्रदेशागणिक बदलतात आणि दोन्ही बाहेरून कळत नाहीत. त्या मोजाव्या लागतात, आणि मोजताना एक पथ्य पाळावंच लागतं: गुणसूत्रं ज्या ठोंबाची मोजली, बुरशीही त्याच ठोंबात बघायची. 'या उतारावरचं गवत चतुर्गुणित' ही एक यादी आणि 'या उतारावरच्या निम्म्या झाडांत बुरशी' ही दुसरी, अशा दोन याद्या जोडून निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्याच उतारावर अधूनमधून षड्गुणित ठोंब उभे असतील आणि सगळी बुरशी त्यांच्यातच असेल, तर निष्कर्ष पार उलटा पडतो.

पहिली चूक गवत निवडतानाच होते. गुणसूत्रांचा भूगोल सुरेख आहे म्हणून कुठलंही गवत या कामाला चालत नाही. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समधलं बिग ब्ल्यूस्टेम बघा. ६० गुणसूत्रांचं षड्गुणित आणि ९० चं नवगुणित असे त्याचे दोन प्रकार, आणि कोरड्या पश्चिमेकडे सरकावं तसं नवगुणितांचं प्रमाण वाढत जातं. पण ते उन्हाळी गवत. आपण शोधतो ती आतली बुरशी एपिक्लोई वंशाची, आणि ती थंड हंगामातल्या गवतांत, म्हणजे फेस्क्यू, रायग्रास, पोआ, ब्रोम यांच्या गोतावळ्यात घर करते. बुरशी बघायला फुटव्याची साल सोलावी लागते; ब्ल्यूस्टेमची सोलत बसून हाती काही लागणार नाही.

उंच फेस्क्यूत दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. मूळ संच ७ चा. कुरणांतून सगळीकडे पसरलेला प्रकार ४२ चा. दक्षिण युरोपात २८ चा ग्लॉसेसेन्स. उत्तर आफ्रिकेत ५६ आणि ७० चेही प्रकार आहेत. ४२ वाल्यातल्या सहा संचांपैकी दोन कुरण-फेस्क्यू या द्विगुणिताकडून आणि चार ग्लॉसेसेन्सकडून आले. त्याच्या आत राहणारी एपिक्लोई सीनोफियाला हीसुद्धा तीन वेगळ्या पूर्वजांच्या संकरातून झालेली. गवतही जुळवाजुळवीचं आणि भाडेकरूही जुळवाजुळवीचाच! भूमध्य समुद्राभोवतीच्या ४२ वाल्या गवतात मात्र ही बुरशी नसते; तिथं एफएटीजी-२ आणि एफएटीजी-३ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे बुरशीचे गट सापडतात. म्हणजे आकडा तोच, पण प्रदेश बदलला की आतला रहिवासी बदलतो. नुसता आकडा नोंदवून थांबलं तर नेमकं हेच निसटतं.

जुनं साहित्य शोधताना नावांचा घोळ लक्षात ठेवावा. गवताला फेस्टुका, लोलियम आणि शेडोनोरस अशा तीन वंशांत फिरवलेलं आहे. बुरशी आधी अ‍ॅक्रिमोनियम होती, मग निओटायफोडियम, आणि २०१४ पासून एपिक्लोई. तीन गुणिले तीन, नऊ जोड्यांनी शोध घेतला नाही तर अर्धी नोंद हाती येतच नाही.

रानात

एका ठिकाणाहून किती ठोंब घ्यायचे हा प्रश्न सवयीने सुटत नाही, गणितानेच सुटतो. बुरशी १० टक्के झाडांत असेल आणि २० झाडं तपासली, तर एकाही झाडात ती न सापडण्याची शक्यता १२ टक्के उरते. ३० झाडं घेतली की ती ४ टक्क्यांवर येते. आम्ही म्हणूनच ३० च्या खाली उतरत नाही, आणि 'इथं बुरशी नाही' असं लिहायच्या आधी किती झाडं बघितली ते लिहितो.

दोन ठोंबांत किमान ५ मीटर अंतर ठेवावं. झुबके करून वाढणाऱ्या गवताला तेवढं पुरतं. जमिनीखालून सरपटणाऱ्याला पुरत नाही. तांबड्या फेस्क्यूचा एकच क्लोन २०० मीटरपेक्षा जास्त पसरल्याची नोंद १९६१ सालची आहे. अशा ठिकाणी ३० नमुने घेतले तरी हातात एकच झाड ३० वेळा आलेलं असू शकतं.

प्रत्येक ठोंबातून मुळांसकट तीन फुटवे, एक कोवळं पान आणि बी असेल तर त्याची वेगळी पाकिटं. तीन फुटवे अशासाठी की बुरशी एकाच ठोंबाच्या काही फुटव्यांतून गळालेली असू शकते. पान ओल्या टिपकागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, ४ अंशांवर. असं ते काही दिवस टिकतं. गोठवायचं नाही, गोठलेल्या पानातून केंद्रकं नीट निघत नाहीत.

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. 'पर्मनंट' म्हणवणारा मार्कर ७० टक्के अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पुसला जातो, आणि मुळं नंतर त्याच अल्कोहोलमध्ये ठेवायची असतात. म्हणून ट्यूबवर आकडा असला तरी आत पेन्सिलीची चिठ्ठी टाकायचीच. या कामात सर्वांत जास्त नमुने वाया जातात ते सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, ट्यूबच्या अंगावर.

लोंबी बाहेर पडायच्या सुमाराला एक चक्कर जरूर मारावी. काही एपिक्लोई प्रजाती पोटरीतल्या लोंबीभोवती पांढरी, पुढे पिवळी-नारिंगी होणारी म्यान चढवतात आणि फुलोरा आतच कोंडून टाकतात. ते दिसलं तर नोंद करायची, कारण ही बुरशी बियांखेरीज हवेतूनही पसरू शकते. लक्षण न दाखवणारी फक्त बियांतून आईकडून लेकीकडे जाते. दोघींचा भूगोल सारखा असायचं कारण नाही.

मुळं

आणलेले फुटवे कुंडीत लावून दहा-बारा दिवसांनी काढले की नवी पांढरी मुळं मिळतात. रानातून आणलेली जुनी, तपकिरी मुळं कापण्यात अर्थ नाही, त्यांत विभाजन होतच नसतं. टोकाकडचा एक ते दीड सेंटिमीटर भाग कापायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, ० ते २ अंशांवर, २४ तास. थंडीने पेशीचं विभाजन मेटाफेज या मधल्या टप्प्याला अडकतं आणि गुणसूत्रं आखडून मोजण्याजोगी होतात. पाणी आधी चांगलं खळबळवून हवा मिसळून घ्यावं. ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन वापरून हेच काम काही तासांत होतं, पण गवतांसाठी बर्फ स्वस्त आणि भरवशाचा.

मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल. हे मिश्रण त्या क्षणी करायचं. कालचं उरलेलं वापरलं की पेशीरस दाणेदार होतो आणि गुणसूत्रांच्या आड येतो. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, उणे २० अंशांवर. तिथं मुळं महिनोन्‌महिने राहतात.

मोजायच्या दिवशी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६० अंशांवर, त्यात ८ ते १० मिनिटं. कमी पडलं तर टोक रबरासारखं राहतं, अंगठ्याने दाबलं तरी पसरत नाही. जास्त झालं तर रंगच चढत नाही. त्यानंतर फॉयल्गेनचा रंग: टोकाचा जेमतेम मिलिमीटरभर भाग जांभळा होतो, तेवढाच ठेवायचा, बाकी पात्याने छाटून टाकायचा. ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाच्या थेंबात, वर कव्हरस्लिप, सुईच्या दांड्याने हलके ठोके, मग टिपकागदाखाली अंगठा सरळ खाली. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि ती काचपट्टी गेली.

४२ गुणसूत्रं मोजणं १४ मोजण्याच्या तिप्पट काम नाही, दसपट आहे. ती एकमेकांवर पडतात. शिवाय फेस्क्यू-रायग्रासच्या काही गुणसूत्रांना मधे एक बारीक कमर असते. दाबताना ती ताणली की टोकाचा तुकडा सुटून वेगळा दिसतो आणि मोजणारा त्याला स्वतंत्र गुणसूत्र धरतो. ४३ किंवा ४४ आले की आधी सुटे, लहान, गोलसर तुकडे शोधावेत आणि त्यांचा रोख कुठल्या तुटक्या भुजेकडे आहे ते बघावं. खरी जादा गुणसूत्रंही असतात (इंग्रजी 'B' अक्षराने ओळखली जाणारी, बियांशी संबंध नाही), कुरण-फेस्क्यूत आणि रायग्रासमध्ये ती नोंदलेली आहेत, पण ती एकाच झाडाच्या बऱ्याच पेशींत पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून एका झाडाच्या किमान पाच स्वच्छ पेशी मोजल्याशिवाय आकडा वहीत जात नाही. एका पेशीवरून लिहिलेल्या आकड्यावर आमचा विश्वास नाही, मग तो छापील का असेना.

केंद्रकांची रांग

शेकडो ठोंबांची मुळं दाबत बसणं कुणाला परवडत नाही. तिथं फ्लो सायटोमेट्री लागते: पेशीतली केंद्रकं सुटी करायची, डीएनएला चिकटणारा चमकता रंग द्यायचा आणि एकेक केंद्रक लेझरपुढून सोडून किती चमकतं ते मोजायचं. आलेखावर सारख्या चमकीच्या केंद्रकांचं एक शिखर उभं राहतं.

नमुन्याचं अर्धा सेंटिमीटर पान आणि तेवढंच प्रमाण-वनस्पतीचं, म्हणजे जिचा डीएनए आधीच मोजलेला आहे तिचं, पान एकाच पेट्रीडिशमध्ये घ्यायचं. फेस्क्यूसाठी वाटाण्याचा 'स्टिराड' वाण चालतो. त्याच्या केंद्रकात ९.०९ पिकोग्रॅम डीएनए धरतात. ऑटो-१ द्रावण अर्धा मिलिलिटर, बर्फासारखं गार: सायट्रिक आम्ल ०.१ मोलर, ट्वीन-२० अर्धा टक्का. नव्या ब्लेडने अर्धा मिनिट बारीक चिरायचं. चिरायचं, चेचायचं नाही. बोथट पात्याने केंद्रकं फुटतात आणि आलेखाच्या डाव्या बाजूला कचऱ्याचा डोंगर उभा राहतो. ४२ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळून वर एक मिलिलिटर ऑटो-२, म्हणजे ०.४ मोलर डायसोडियम फॉस्फेट, त्यात प्रोपिडियम आयोडाइड आणि आरएनेज प्रत्येकी मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. आरएनेज हे आरएनए तोडणारं विकर; ते विसरलं तर आरएनएही चमकतं आणि शिखर फुगतं. ऑटो-२ फ्रिजमध्ये ठेवू नये, खाली स्फटिक बसतात. ही गोष्ट बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेली बरी. प्रोपिडियम आयोडाइड डीएनएला चिकटतं, म्हणजे आपल्याही. हातमोजे काढायचे नाहीत.

किमान ५,००० केंद्रकं मोजावीत आणि शिखराचा विचलन-गुणांक, म्हणजे ते किती पसरट आहे याचं माप, ५ टक्क्यांच्या आत असावा. ३ च्या आत आला तर उत्तम. सुकवलेल्या पानांतूनही वाचन मिळतं, पण शिखर पसरट येतं.

दोन फसगती इथं ठरलेल्या. द्विगुणिताच्या काही पेशी विभाजनाच्या तयारीत डीएनए दुप्पट करून बसलेल्या असतात. त्यांचं शिखर नेमकं चतुर्गुणिताच्या जागी येतं. वेळ वाचवायला पाच झाडांची पानं एकत्र चिरली असतील तर हे बुटकं शिखर म्हणजे दुप्पट झालेल्या पेशी की मिसळलेलं चतुर्गुणित झाड, हे सांगता येत नाही. शंका आली की पाचही झाडं वेगवेगळी चिरायची. दुसरी फसगत सूक्ष्म आहे. ४२ पैकी एक गुणसूत्र कमी-जास्त झालं तर डीएनएत फरक पडतो सुमारे २.४ टक्के, म्हणजे यंत्राच्या चुकीएवढाच. संच किती हे यंत्र सांगेल. एखादं गुणसूत्र गळालंय का ते मुळाचं टोकच सांगेल. म्हणून प्रत्येक प्रदेशातल्या प्रत्येक गटातली निदान दोन-तीन झाडं मुळांवरून पक्की करून घ्यावीत आणि त्यांच्या मापाने बाकीची वाचावीत.

बुरशीच्या डीएनएने हे वाचन बिघडत नाही का, असं नेहमी विचारलं जातं. नाही. एपिक्लोई फेस्टुकीचा जीनोम सुमारे ३.५ कोटी बेस-जोड्यांचा, म्हणजे ०.०४ पिकोग्रॅमच्याही आत; गवताच्या शिखराच्या आसपास तो फिरकत नाही.

साल सोलणं

मुळांत गुणसूत्रं मिळतात, बुरशी नाही. एपिक्लोई मुळांत बहुधा शिरतच नाही. ती असते फुटव्याच्या बुडाशी, पर्णकोषात, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या खालच्या भागात. पानाच्या पात्यात अगदी विरळ. त्यामुळे पानाच्या पात्याचा तुकडा घेऊन 'बुरशी नाही' म्हणणाऱ्यांनी चुकीच्या खोलीचं दार वाजवलेलं असतं.

फुटवा जमिनीलगत कापायचा. सर्वांत बाहेरचा, वाळलेला पर्णकोष टाकून द्यायचा; त्यावर नाना प्रकारच्या कुजवणाऱ्या बुरशी असतात. त्याच्या आतला, हिरवट-पांढरा घ्यायचा. तो उलगडून आतली बाजू वर करून काचेवर ठेवायची, पात्याने आडवी अर्धवट चीर द्यायची आणि टोकदार चिमट्याने आतली त्वचा ओढायची. नीट जमलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक पट्टी सुटते. हिरवा गर सोबत आला तर ती टाकून दुसरी ओढायची, हिरव्यात काही दिसत नाही. पट्टी लॅक्टिक आम्लातल्या ०.१ टक्का अ‍ॅनिलीन ब्लूच्या थेंबात, मिनिटभर, वरून कव्हरस्लिप. स्पिरिट लॅम्पवर काच किंचित गरम केली की रंग लवकर धरतो. उकळू द्यायचं नाही.

१०० पटीत आधी पेशींच्या लांबट रांगा दिसतात, विटांच्या बांधकामासारख्या. ४०० पटीत गेलं की त्या रांगांच्या फटींतून निळी दोरी जाताना दिसते: दोन-एक मायक्रॉन जाडीची, फांद्या जवळजवळ नसलेली, नागमोडी, पण सगळी वाटचाल पेशींच्या लांबीच्या दिशेने. पेशीच्या आत ती कधी शिरत नाही. हीच ओळख. पेशी आडव्या ओलांडणारा, भरपूर फांद्या फुटलेला किंवा पेशीत घुसलेला तंतू दिसला तर तो दुसराच कोणी. नवख्याची नजर सुरुवातीला पेशीभिंतीच्या घडीलाच तंतू समजते. घडी फोकस खालीवर केल्यावर विरते, तंतू आपली जाडी राखतो.

बियांची तऱ्हा वेगळी. ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवून, धुऊन, तूस काढून, त्याच निळ्या रंगात दाबायचं. दाण्याच्या बाहेरच्या अल्यूरोन थरावर तंतूंचं जाळं दिसतं. मात्र रंग मेलेल्या बुरशीलाही चढतो. साध्या खोलीत वर्ष-दोन वर्षं पडलेल्या बियांत गवत जिवंत आणि बुरशी मेलेली असं सर्रास होतं. म्हणून बी कोरड्या थंडाव्यात ठेवायचं, आणि जिवंतपणाची खात्री हवी तर पेरून सहा-आठ आठवड्यांनी रोपांच्या फुटव्यांची साल बघायची. बियांत सापडली आणि रोपांत नाही, तर दोन्ही आकडे लिहायचे; एकच लिहिला तर वाचणारा फसतो.

कोणती प्रजाती हे सालीवरून कळत नाही. त्यासाठी तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोजच्या अगारवर, २० ते २५ अंशांना. आणि वाट बघायची. तीन दिवसांत जे हिरवं-काळं भसाभस वाढतं ते एपिक्लोई नव्हे. ती दोन ते पाच आठवड्यांनी, कापलेल्या कडेतून, पांढऱ्या कापसाच्या बोंडासारखी डोकावते. घाई करणारे नेमक्या त्याच बशा फेकतात. पीसीआर करायचं तर फुटव्याच्या बुडाचे दोन-तीन सेंटिमीटर घ्यावेत. 'टीईएफ' आणि 'ट्यूबी' या जनुकांच्या दोन किंवा तीन वेगळ्या प्रती एकाच बुरशीत निघाल्या तर ती बहुतेक संकरज. ते नमुन्यातल्या भेसळीचं लक्षण समजून टाकून देऊ नये.

नकाशा वाचताना

आकड्यांवरून एकदम संचांकडे उडी मारू नये. ब्रॅकीपोडियम डिस्टॅकियॉन या गवतात १०, २० आणि ३० अशी गुणसूत्रं मिळत. एकाच गवताची ती दुप्पट-तिप्पट आहेत असं कितीतरी वर्षं मानलं गेलं. २०१२ मध्ये त्याच्या तीन प्रजाती झाल्या. २० वाली स्टॅसी ही स्वतःच द्विगुणित आहे, तिची गुणसूत्रं लहान. आणि ३० वाली हायब्रिडम म्हणजे १० आणि २० यांचा संकर. पाढा जुळत होता, म्हणून कोणी फार खोलात शिरलं नव्हतं.

दोन प्रकार जिथं एकमेकांना भिडतात ती पट्टी सर्वांत बोलकी. २८ आणि ४२ चा संकर झाला तर ३५ चं पंचगुणित निघतं, बहुधा वांझ. त्याच्यात बुरशी आढळली तर ती आईकडूनच आलेली, कारण परागातून ती जात नाही. एवढ्या एका धाग्यावरून संकरात आई कोण होती याचा अंदाज बांधता येतो; पक्कं करायला हरितलवकाचा डीएनए बघायचा. मात्र बुरशी नसली तर त्यावरून काहीच ठरवू नये, ती वाटेत गळूनही गेलेली असते.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच: कोरड्या जागी बुरशीवाली षड्गुणितं जास्त दिसतात, तर तिथं टिकून राहण्याचं श्रेय जादा संचांचं की बुरशीचं? नकाशा कितीही दाट भरला तरी याचं उत्तर त्यात नसतं. एकाच ठोंबाचे फुटवे दोन वाट्यांत विभागायचे, एका वाट्याला प्रोपिकोनाझोलसारखं बुरशीनाशक द्यायचं, नव्या फुटव्यांची साल तपासायची. पण असा बुरशीपासून मोकळा केलेला फुटवा तसाच प्रयोगात घ्यायचा नाही. औषध गवतालाही आखडतं, आणि मग बुरशी गेल्याचा परिणाम म्हणून औषधाचाच परिणाम मोजला जातो. दोन-तीन वेळा फुटवे तोडून नव्याने लावायचे. दुसऱ्या वाट्याचेही तेवढ्याच वेळा तोडायचे. दर खेपेला दोन्ही वाट्यांची साल पुन्हा बघायची, कारण मोकळ्या म्हणून ठेवलेल्या कुंडीत तिसऱ्या महिन्यात एखादी निळी दोरी परत दिसते. एखाद्या फुटव्याच्या बुडाशी ती शिल्लक राहिलेली असते, आणि तेवढी कुंडी वेगळी काढावी लागते.